देवनारच्या दमट हवेत बिअर्डेड ड्रॅगन

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी बिअर्डेड ड्रॅगन आणतोय. घर कसं करावं? — एक वाचक, देवनार

उत्तर : आधी घर, मग पाहुणा. हा सरडा ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला, त्याला आर्द्रता ३०-४० टक्के मानवते. देवनारच्या पावसाळ्यात ती सहज ऐंशीपार जाते. म्हणून पेटी ओल आलेल्या भिंतीपासून दूर ठेवा, वर जाळीचं झाकण हवं. मोठ्या सरड्याला ४ फूट लांब, २ फूट रुंद पेटी लागतेच. छोट्या टाकीत ठेवणं मला पटत नाही.

एका टोकाला दिवा आणि त्याखाली सपाट दगड. दगडाचा पृष्ठभाग सुमारे ४० अंश सेल्सिअस, दुसरं टोक २५-२८. तापमान हाताने अजमावू नका, थर्मामीटर लावा. यूव्हीबी ट्यूब तर हवीच. खिडकीतलं ऊन पुरत नाही, काच ते किरण अडवते. मग हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा वाकतो. तळाला वाळू नको, साधी फरशी बरी.

विकणाऱ्याकडून बिल आणि कागदपत्रं घ्या, वन विभागाची नोंदणी लागते का तेही विचारा. आणि सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा.