आरोग्याचा धडा : उरलंसुरलं खाणं आणि वाढलेलं वजन



आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. सहावं सूत्र आहे आरोग्याचं. ते आपण इतिवृत्तात लिहितो आणि पुढच्या विषयाकडे जातो. म्हणून या अंकात त्याच सूत्रातला एक विषय घेतलाय : वाढलेलं वजन आणि रोजचं खाणं. बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करा.

आधी माझी चूक सांगते

मागच्या पावसाळ्यात मी एका गटाच्या बैठकीत वजनकाटा घेऊन गेले होते. नवीनच प्रशिक्षण झालं होतं, अंगात उत्साह होता. एकेकीला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचून वहीत लिहिला. हशा झाला. मलाही वाटलं, छान कार्यक्रम झाला.

त्यातल्या एक काकू पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. बचत मुलीच्या हाती पाठवायच्या. अकरा वर्षांत ज्यांची एक बैठक चुकली नव्हती, त्या काकू. मग मी त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "चारचौघींत माझं वजन वाचलंस. घरी गेल्यावर तोच आकडा डोळ्यांपुढं. आधीच गुडघ्यामुळं मला एकटीला खुर्चीवर बसावं लागतं, बाकी सगळ्या सतरंजीवर."

मी माफी मागितली. कुणाचं वजन मोठ्याने वाचायचं नसतं, हे मला पुस्तकात कळलं नव्हतं, काकूंच्या ओट्यावर बसून कळलं. त्यांच्याच परवानगीने हे लिहितेय. "नाव लिहू नको, बाकी सगळं लिही," असं त्या म्हणाल्या.

काकू खातात तरी काय?

मी विचारलं, "काकू, दिवसभरात काय काय खाता?" त्या हसल्या. "मी जेवते तरी कुठं गं? उरलेलं खाते."

मग आम्ही आदल्या दिवसाचं सगळं वहीत लिहिलं. पहाटे चहा आणि दोन टोस्ट. सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर परत चहा. शेतावर जाताना घाईत अर्धी भाकरी. दुपारी दोनला शिळी भाकरी, भाजी आणि पोरानं डब्यात परत आणलेला भात. चारला चहा, कुणी आलं की आणखी एकदा चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर साडेनऊ-दहाला जेवण : पातेल्यात उरलेला भात, तळाचं तेलकट कालवण आणि नातवानं अर्धी टाकलेली पोळी. टाकवत नाही म्हणून. मग लगेच झोप.

या दिवसात ताजी भाजी जवळजवळ नाही. डाळ सगळी वरच्यावर वाढली गेली. अंडी आणली ती पोरांना दिली. काकूंच्या वाट्याला आलं पीठ, भात, तेल आणि साखर. पोट भरलं, पण अंगाला जे लागतं ते मिळालं नाही. म्हणून वजन जास्त आणि तरी कायम थकवा. देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतही हेच दिसतं. १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमध्ये साधारण २४ जणींचं वजन जास्त आहे आणि ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. एकाच बाईला दोन्ही त्रास असू शकतात.

तुम्ही म्हणाल, "शेतात एवढं राबतो, मग वजन वाढतं कसं?" राबणं हंगामाचं असतं, खाण्याची सवय मात्र बारमाही. शिवणकाम, पापड, दुकान अशी बसून करायची कामंही आता वाढलीत. आणि दिवसभर अर्धपोटी राहून रात्री एकदम खाल्लं, तर भूक आवरत नाही, हातात येईल ते जास्तच जातं.

आपल्याला वजन कमी करायची गरज आहे का?

हे आधी बघायचं, कारण प्रत्येकीला गरज नसते. शिवणकामाचा टेप घ्या. सरळ उभं राहून, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचापेक्षा जास्त असेल, तर साखर आणि बीपी तपासून घ्यायला हवं. पोटावरची चरबी जास्त त्रासाची असते.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी आणि साखर आपल्या उपकेंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा बीपी १४०/९० किंवा जास्त आली, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि मुळात बारीक असलेली बाई यांनी वजन कमी करायच्या मागे लागू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. वजन अचानक वाढलं, पाळी बिघडली, फार थकवा आला, तर थायरॉईड तपासून घ्या.

खाण्यातले पाच बदल

काकूंनी एकदम सगळं बदललं नाही. दर महिन्याला एक बदल केला. तुम्हीही तसंच करा.

१. आपलं ताट आधी वाढून ठेवा. जमलं तर घरच्यांबरोबरच जेवायला बसा. नाहीच जमलं, तर सगळ्यांना वाढण्याआधी आपल्या वाटणीची भाजी आणि डाळ झाकून बाजूला काढा. घरात कुणी बोललं तर सांगा, "डॉक्टरांनी सांगितलंय." उरतं ते टाकवत नसेल, तर उरणार नाही एवढंच शिजवा. चार दिवस अंदाज चुकेल, मग जमतं. आपलं पोट म्हणजे उरलेलं ठेवायचं भांडं नाही.

२. ताटाचे भाग करा. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर : मेथी, तांदुळजा, शेवगा, गवार, काकडी, कांदा, जे दारात नाहीतर बाजारात स्वस्त असेल ते. पाव ताटात डाळ, मटकी किंवा हुलग्याची उसळ, नाहीतर अंडं. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. भाकरी सोडायची नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, फक्त तिच्या जोडीला भाजी-डाळ हवी. नुसत्या ठेच्याबरोबर तीन भाकरी जातात, उसळीबरोबर दीड-दोनमध्ये पोट भरतं.

३. चहातली साखर मोजा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, साधारण ५० ग्रॅम साखर. महिन्याला दीड किलो, तीही एकटीची! रोज एका मध्यम भाकरीएवढी ताकद त्यातून अंगात जाते आणि पोट मात्र भरत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाची सगळी मिळून साखर २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. आधी दोनाचा दीड चमचा करा, पंधरा दिवसांनी एक. कपही पाचाचे तीन करा. गूळही साखरेसारखाच मोजायचा.

४. तेलाचा डबा कधी संपतो ते लिहा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल, तर ते जास्त आहे. माणशी अर्धा ते पाऊण किलो पुरतं. फोडणीला पळी न वापरता चमचा वापरा. भजी-वडे सणावारी करा, रोजच्या चहाबरोबर नकोत.

५. रात्रीचं जेवण लवकर करा. झोपायच्या दोन तास आधी जेवण झालं तर चांगलं. शेतातून येताच भूक लागते, तेव्हा टोस्ट-खारी न खाता मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे खा, नाहीतर ताक प्या.

उपवासाबद्दलही लिहिते, कारण काकू आठवड्याला दोन उपवास करतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्टमय पदार्थ, वर तूप, शेंगदाण्याचा कूट आणि बटाटा. उपवासाची खिचडी रोजच्या जेवणापेक्षा जड पडते. उपवास श्रद्धेचा आहे, तो करा. त्या दिवशी भगर, शेंगदाण्याची पातळ आमटी, काकडी, ताक आणि एखादं फळ घेतलं तर हलकं वाटेल.

आणि एक कळकळीची विनंती. एका गटात एका ताईंनी वजन कमी करायच्या पावडरीसाठी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं. डबा संपला, चार दिवस कमी झालेलं वजन परत आलं, हप्ते मात्र चालूच राहिले. असल्या पावडरी, गोळ्या आणि चहा यांसाठी कर्ज काढू नका. त्याच पैशात कित्येक महिन्यांची मटकी आणि अंडी येतील.

मन कसं तयार करायचं?

"सगळं कळतं गं, पण मन होत नाही." हे मी प्रत्येक गावात ऐकते. मन होईल मग सुरू करू, असं म्हटलं तर ते होत नाही. बचत सुरू केली तेव्हा तरी मन कुठे होतं? पहिले पन्नास रुपये जिवावर आले होते. बैठकीचा वार ठरलेला होता, वही होती, शेजारीण विचारणार होती, म्हणून पैसे टाकले. वजनाचंही तसंच आहे.

पहिली गोष्ट, कारण आपलं स्वतःचं हवं. पोरीच्या लग्नात बारीक दिसायचं, हे कारण लग्नाबरोबर संपतं. नवरा बोलतो म्हणून सुरू केलेलं तो गप्प बसला की संपतं. काकूंना मी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" त्या म्हणाल्या, "मला सतरंजीवर बसायचंय." बस, एवढंच. कॅलेंडरच्या कोपऱ्यात त्यांनी तेच लिहिलं.

दुसरी गोष्ट, जोडी करा. काकूंनी शेजारच्या ताईंना बरोबर घेतलं. रात्री जेवण झाल्यावर दोघी शाळेपर्यंत चालून येतात, साधारण अर्धा तास. आठवड्यातले पाच दिवस एवढं चालणं पुरेसं आहे. एकीला कंटाळा आला तर दुसरी हाक मारते.

तिसरी गोष्ट, नोंद ठेवा. रोज काट्यावर चढू नका. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, घरातल्या घरात घेर मोजा आणि आपल्या वहीत लिहा. ती वही आपली, दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

चौथी गोष्ट, एक दिवस चुकला तर सोडून देऊ नका. लग्नात जेवलात, जत्रेत जिलबी खाल्लीत, चालणं राहिलं, तर दुसऱ्या सकाळी परत सुरू करा. एक हप्ता चुकला म्हणून आपण कुणाचं खातं बंद करत नाही.

काकूंचं पुढे काय झालं?

सहा महिन्यांत वजन ७१ किलोवरून साडेसहासष्टवर आलं. आकडा लहान वाटेल. पण वजनाचा विसावा भाग, म्हणजे १०० किलोमागे ५ किलो कमी झालं, तरी साखर आणि बीपीला फरक पडतो. महिन्याला एक किलो हीसुद्धा चांगली चाल आहे. मधल्या एका महिन्यात त्यांचं वजन अर्धा किलो वाढलंही होतं. दिवाळी होती. त्यांनी वहीत तसंच लिहिलं आणि चालणं चालू ठेवलं.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्या सतरंजीवर बसल्या. फार वेळ नाही, पंधरा-वीस मिनिटं. मग गुडघा दुखला आणि खुर्ची घेतली. पण बसल्या. त्या गटानेही एक ठराव केलाय : बैठकीत चहाबरोबर बिस्किटाचा पुडा बंद, फुटाणे सुरू. खर्चही कमी झाला.

बैठकीत चर्चेसाठी

१. काल दिवसभरात आपण काय खाल्लं? त्यातलं ताजं किती, उरलेलं किती?
२. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? हे बदलायला कुणाची मदत लागेल?
३. आपल्या घरात महिन्याला साखर आणि तेल किती लागतं?

या महिन्याचा निर्णय : वरच्या पाच बदलांपैकी एकच निवडा आणि आपली जोडीदारीण ठरवा. इतिवृत्तात फक्त जोड्यांची नावं लिहा. कुणाचं वजन किंवा घेर लिहू नका.

पुढच्या महिन्यात मी तुमच्या बैठकीला येईन तेव्हा शिवणकामाचा टेप घेऊन येईन. ज्यांना मोजायचंय त्यांनी आतल्या खोलीत मोजायचं. वजनकाटा मी आता कार्यालयातच ठेवलाय.

तुमची,
क्षेत्र समन्वयक