पिक्चर, मक्याच्या लाह्या आणि भोजनाची मात्रा

वर्षावासात दौलताबादच्या एका विहारात आम्ही आरोग्यावर बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर एक ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांनी सहा किलो वजन कमी करायला सांगितलंय. दोन महिने झाले, चहातली साखर सोडली, भाकरी मोजून खाते. आता पोरं म्हणतात, रविवारी पिक्चरला चल. मी म्हटलं, तुम्हीच जा. तिथं गेलं की सगळं बिघडतं." मागे बसलेली त्यांची मुलगी लगेच म्हणाली, "आई येणार नसेल तर आम्हीपण जात नाही."

प्रश्न साधा वाटतो, पण तो अनेक घरांचा आहे. वजन कमी करायचे म्हणजे आनंदाच्या ठिकाणी जायचेच नाही का? लग्न, नामकरण, जयंती, पिक्चर सगळे सोडायचे का? आमचे उत्तर आहे, नाही. सोडायचे असते ते बेभानपणे खाणे. माणसांत जाणे आणि आनंद घेणे सोडायचे नसते.

राजा पसेनदीची गोष्ट

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. राजा एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास करायला सांगितले नाही, की भात वर्ज्य करायला सांगितले नाही. जो जागरूक राहून भोजनाची मात्रा जाणतो त्याचे दुखणे कमी होते, एवढाच उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्यापुढे म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला, शरीर हलके झाले. पुढे त्याने स्वतः अंगावरून हात फिरवत समाधान व्यक्त केले.

यात शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. राजाने आहार एका दिवसात तोडला नाही, तो हळूहळू कमी केला. आणि त्याने स्वतःच्या इच्छाशक्तीवर सगळे सोडले नाही, आठवण करून देणारा माणूस जवळ ठेवला. पिक्चरला जाणाऱ्यानेही हेच करायचे आहे.

हिशेब काय सांगतो?

मक्याची लाही, म्हणजे पॉपकॉर्न, मुळात वाईट नाही. 30 ग्रॅम सुक्या मक्याच्या लाह्या केल्या तर भांडे भरते, पण उष्मांक म्हणजे कॅलरी होतात फक्त 110 च्या आसपास. शिवाय त्यात तंतुमय पदार्थ असतात. वजन वाढते ते वरच्या तेला-लोण्यामुळे, कॅरॅमलच्या साखरेमुळे आणि डब्याच्या आकारामुळे. एक चमचा तेल म्हणजे 45 कॅलरी. मोठ्या डब्यात घरातल्या पंधरा-वीस वाट्या लाह्या मावतात. लोणी घातलेला असा डबा एकट्याने संपवला तर 600 कॅलरी सहज होतात.

त्यात मोठा समोसा धरा, सुमारे 250. अर्धा लिटर कोल्ड्रिंक धरा, सुमारे 200. त्या कोल्ड्रिंकमध्ये साखर असते 50 ग्रॅमच्या वर, म्हणजे दहा-बारा चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे एका बाटलीत दोन दिवसांची साखर संपली.

एकूण झाल्या हजाराच्या पुढे. दौलताबाद शहरापासून सुमारे 15 किलोमीटर. साठ किलोच्या माणसाने पिक्चर सुटल्यावर पायी घरी यायचे ठरवले, तरी 750 च्या आसपास कॅलरीच खर्च होतील. दारात पोहोचल्यावरही हिशेब बाकीच! रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्या तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरते. म्हणजे त्या तीन तासांत ताईंची दोन दिवसांची मेहनत गेली.

पण नीट पाहा, गेली ती दोन दिवसांचीच, दोन महिन्यांची नाही. "आता मोडलंच आहे, तर खाऊन घेऊ" हा विचार समोशापेक्षा जास्त वजन वाढवतो.

डबा संपवायचाच का?

आपल्या घरांत पानात अन्न टाकणे चुकीचे मानतात. त्यामागे इतिहास आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी दारोदारची शिळी भाकरी खाऊन दिवस काढले. भरलेले ताट ही आपल्यासाठी नुसती भूक भागवणारी गोष्ट नव्हती, ती प्रतिष्ठा होती. त्यामुळे मुलांच्या हातात मोठा डबा दिला की आई-बापाला बरे वाटते, आणि उरलेले आई संपवते, कारण पैसे दिलेले असतात.

ही भावना समजून घ्यावी, तिची थट्टा करू नये. पण पोट भरल्यावर खाल्लेला घास वाया गेलेला पैसा परत आणत नाही. तो कमरेवर साठतो आणि पुढे औषधाच्या दुकानात आणखी पैसे मागतो. "पन्नास रुपये जास्त दिले की दुप्पट मिळेल," असे काउंटरवर सांगतात तेव्हा विचारावे, दुप्पट हवे कोणाला आहे? अन्न वाया जाऊ द्यायचे नसेल तर खरा उपाय एकच, मुळात कमी घ्यावे.

पाणी मागून घ्या

दौलताबाद म्हटले की आपल्याला पाणी आठवतेच. 1934 साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला जाताना हा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या हौदावर हात-तोंड धुतले, तर पाणी बाटवले म्हणून गलका झाला. शेवटी आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

आज पाणी हा आपला हक्क आहे, चित्रपटगृहातही. 3 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बाहेरचे खाणे आत येऊ द्यायचे की नाही हे चित्रपटगृहाच्या मालकाने ठरवावे, पण पिण्याचे स्वच्छ पाणी प्रेक्षकांना मोफत मिळाले पाहिजे आणि लहान बाळासाठी पालकांना पुरेसे खाणे नेता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा तहान लागली म्हणून कोल्ड्रिंक घेऊ नका. पाणी कुठे आहे ते मोकळेपणाने विचारा. त्यात संकोच कसला?

जाण्यापूर्वी, तिथे आणि नंतर

1. उपाशी जाऊ नका. 'सैराट', 'झुंड' यांसारखा चित्रपट जवळपास तीन तासांचा. जाण्या-येण्याचा वेळ धरला तर पाच तास होतात. निघताना एक ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा वरण, काकडी-टोमॅटो असे जेवून निघा. उकडलेले अंडेही चालेल. पोट भरलेले असले की वास आला तरी हात आवरतो.

2. काय घ्यायचे ते घरीच ठरवा, आणि एकच ठरवा. लाह्या किंवा समोसा, दोन्ही नाही. घरातल्या एकाला पसेनदीच्या सुदस्सनचे काम द्या. मुलांना हे काम फार आवडते.

3. लहान डबा घ्या, साध्या मिठाचा. लोणी आणि कॅरॅमल नको म्हणून आधीच सांगा. चौघांत वाटून घ्या. आपला वाटा कागदावर वेगळा काढा आणि डबा दुसऱ्याकडे द्या. अंधारात डब्यात हात घालत राहिले की किती खाल्ले ते कळत नाही.

4. मध्यंतरापर्यंत थांबा. पहिला अर्धा भाग पिक्चर पाहा, मध्यंतरात खा. एक-एक दाणा चावून खाल्ला तर दोन मुठीही पुरतात.

5. परत आल्यावर शिक्षा नको. रात्रीचे जेवण हलके करा, पण वगळू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीचा आहार आणि अर्धा तास चालणे.

घरी किंवा विहारात चित्रपट दाखवणार असाल तर काम आणखी सोपे. कढईत दोन चमचे तेल, दोन मुठी मका, चिमूटभर हळद आणि मीठ टाका, वर झाकण ठेवा. पाच मिनिटांत घरभर लाह्या. ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, कांदा-टोमॅटो घातलेले मुरमुरेही चांगले. मूठभर फुटाण्यांत सुमारे 110 कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. शेंगदाणे पौष्टिक खरे, पण मूठभरच, कारण त्यांत तेल भरपूर. मोसमात दौलताबादचे पेरू असतातच. एक पेरू चावून खाल्ला की बराच वेळ भूक लागत नाही.

हे लक्षात ठेवा

कंबर मोजा. बायकांची 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या वर असेल तर मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पिक्चरसाठी जेवण वगळू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाब असेल तर खारट लाह्या, वेफर्स यांपासून दूर राहा. गरोदर बाईने वजन कमी करण्याच्या नादाला लागू नये. आणि चार वर्षांखालच्या मुलांना लाह्या, शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात.

त्या ताई पुढच्या महिन्यात पुन्हा भेटल्या. पिक्चरला गेल्या होत्या. एक लहान डबा चौघांत खाल्ला आणि पाणी प्यायले. "पोरगी मधे मधे म्हणायची, आई, मात्रा!" असे सांगताना त्या हसत होत्या. वजन त्या आठवड्यात उतरले नव्हते, पण वाढलेही नव्हते. पुढच्या आठवड्यात पाव किलो उतरले.

मध्यम मार्ग म्हणजे हाच. देहाला छळायचे नाही आणि जिभेचे गुलामही व्हायचे नाही. येत्या रविवारी पिक्चरला जा, सगळे मिळून जा. डबा मात्र लहान घ्या.

नमो बुद्धाय, जयभीम.