चाकांचा आकार आणि इंजिनाची ओढ : एक आभासी प्रयोग

आम्ही इतिहासाचे अध्यापक. रेल्वेचा धडा शिकविताना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की, लहान चाकाला ओढ अधिक व मोठ्या चाकाला वेग अधिक. वाफेच्या युगातील दाखलाही समोर होता. प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूपी इंजिनाची चालक चाके १७०२ मिलिमीटर व्यासाची, तर मालगाड्यांच्या डब्ल्यूजीची १५६२ मिलिमीटरची. फिरविण्याचा जोर तेवढाच असेल, तर त्रिज्या जितकी लहान तितकी रुळावरील ओढ अधिक, हे त्यामागील सूत्र.

परंतु एकाच इंजिनाची चाके झिजून लहानमोठी झाली तर? डब्ल्यूएजी-९ हे विद्युत इंजिन घेऊ. त्याचे नवे चाक १०९२ मिलिमीटरचे; झिजत ते १०१६ पर्यंत वापरता येते. प्रत्येक बोगीतील तीन मोटारींना एकाच इन्व्हर्टरमधून वीज मिळते. मोटारीत चुंबकीय क्षेत्र फिरते आणि रोटर त्याच्या किंचित मागे राहतो. नेहमीच्या कामात ही पिछाडी जितकी अधिक, तितका मोटारीचा जोर अधिक.

आता कागदावरच प्रयोग करू. क्षेत्राचा वेग १०० आणि मधल्या चाकाच्या रोटरचा ९९ धरू. दुसरे चाक अर्ध्या टक्क्याने, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिमीटरने लहान व तिसरे तितकेच मोठे मानू. गाडीचा वेग एकच असल्याने लहान चाक अधिक वेगाने फिरेल.

लहान चाक : वेग ९९.५, पिछाडी ०.५, ओढ २.५ टन.
मधले चाक : वेग ९९, पिछाडी १, ओढ ५ टन.
मोठे चाक : वेग ९८.५, पिछाडी १.५, ओढ ७.५ टन.

मधल्या चाकाची ५ टन ओढ आम्ही गृहीत धरली आहे. निष्कर्ष आमच्या पाठ केलेल्या सूत्राच्या नेमका उलट आला! त्रिज्येमुळे पडणारा फरक अर्ध्या टक्क्याचा. पिछाडीमुळे पडणारा पन्नास टक्क्यांचा.

रुळाची पकड प्रत्येक आसाला ६ टनांपर्यंतच पुरते असे मानले, तर तिघांची सरासरी ५ टन असूनही मोठे चाक घसरेल. बोगीची ओढ घटेल, चाक व रूळ दोन्ही खरवडले जातील. कसारा आणि बोर घाटांतील ३७ला १ अशा चढावर ही उणीव गाडी थांबवू शकते. म्हणूनच एका बोगीतील चाकांचे व्यास मोजून, लेथवर कातून ते ठरलेल्या मर्यादेत ठेवतात. प्रत्येक मोटारीला स्वतंत्र इन्व्हर्टर देणे हा दुसरा उपाय.

सूत्र खोटे नव्हते. ‘जोर तेवढाच असेल तर’ ही त्याची अट आम्ही विसरलो होतो. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी घरी मुलांसमवेत हाच हिशेब एक टक्क्याचा फरक धरून करावा. लहान चाकाची ओढ तेव्हा किती उरते, हे मुलांनाच शोधू द्यावे.