.४१ मॅग्नमची वाट का पाहावी लागते?

काउबॉय सिनेमात घोड्यावरचा माणूस रायफलखालची कडी खटकन पुढे ढकलतो, मागे ओढतो आणि पुढची गोळी तयार, ती लिव्हर ॲक्शन रायफल. सिनेमाचं सोडा. मला तिच्यात रस आहे तो थिअरी ऑफ मशीन्स शिकणाऱ्याच्या नजरेने. हाताच्या एका फेरीत रिकामी केस बाहेर पडते, हॅमर ताणला जातो, नवं काडतूस वर उचललं जातं, चेंबरमध्ये सरकतं आणि मागचा बोल्ट लॉक होतो. पाच कामं, आणि हलणारे भाग बोटावर मोजण्याइतके!

अमेरिकेत या रायफलींचे शौकीन भरपूर. त्यांच्यातच एक छोटा, पण चिवट गट आहे .४१ मॅग्नमवाल्यांचा. कुठल्याही कंपनीचं नवं मॉडेल येणार म्हटलं की यांचा प्रश्न ठरलेला, "आमच्या कॅलिबरमध्ये कधी?" बाकीचे त्यांना हसतात. पण हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. एक कॅलिबर बदललं की मशीनमध्ये काय काय बदलतं, हे समजून घ्यायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

आधी थोडा इतिहास. मॅग्नम म्हणजे जास्त दारू आणि जास्त दाब सहन करणारं काडतूस. (शब्द मुळात वाइनच्या मोठ्या बाटलीचा आहे, कॉलेजच्या मासिकात एवढं चालून जावं.) १९३५ साली .३५७ मॅग्नम आलं, १९५५ मध्ये .४४ मॅग्नम. या दोघांच्या मधलं काहीतरी पोलिसांना हवं, असा आग्रह एल्मर कीथ, बिल जॉर्डन या जाणकारांनी धरला आणि १९६४ मध्ये .४१ मॅग्नम बाजारात आलं. झालं असं की पोलिसांना त्याचा धक्का जास्त वाटला, रिव्हॉल्व्हर जड वाटलं; आणि शिकारी म्हणाले, एवढंच करायचं तर सरळ .४४ का नको? मधल्या भावाचं घरात जे होतं तेच झालं.

आता आकडेमोड. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढ्याच दाबाने काडतुसाची केस मागे ढकलली जाते. हा जोर बोल्टवर येतो आणि बोल्टपासून नेम धरणाऱ्याचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. त्यामुळे इथे फॅक्टर ऑफ सेफ्टी हा परीक्षेपुरता विषय राहत नाही. जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. .४४ मॅग्नमचा कमाल दाब ३६,००० पीएसआय, म्हणजे सुमारे २४८ मेगापास्कल. केसचा बुडाकडचा व्यास ११.६ मिमी. जोर आला साधारण २६ किलोन्यूटन. .४१ चा दाब तेवढाच, पण व्यास ११ मिमी, म्हणून जोर सुमारे २३.७ किलोन्यूटन. म्हणजे .४४ झेपणारी रायफल .४१ आरामात झेपवते. गंमत पुढे आहे. .३२७ फेडरल मॅग्नम नावाचं बारीक काडतूस ४५,००० पीएसआयवर चालतं, पण व्यास जेमतेम ८.६ मिमी असल्यामुळे जोर पावणेअठरा किलोन्यूटनच भरतो, जवळजवळ .३५७ इतकाच. नुसता दाबाचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. याउलट .४५४ कसूल: ६५,००० पीएसआय, व्यास १२.२ मिमी, जोर ५२ किलोन्यूटनच्या पुढे. .४४ च्या दुप्पट!

हा हिशोब ढोबळ आहे हे मान्य. आपण बाहेरचा व्यास धरला, आतला त्याहून लहान असतो. शिवाय दाबाखाली पितळी केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि थोडा जोर तीच खाते. म्हणूनच चेंबर तेलकट ठेवू नये म्हणतात. तेल असलं की पकड सुटते आणि सगळा भार बोल्टवर येतो.

हा भार अडवायचा कसा? १८६० च्या हेन्री रायफलमध्ये आणि १८७३ च्या विंचेस्टरमध्ये टॉगल होतं, गुडघ्यासारखं सरळ होऊन अडणारं. त्या काळच्या काळ्या दारूला ते पुरलं. जॉन ब्राउनिंगने १८८६ च्या विंचेस्टरमध्ये ते काढून टाकलं आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्या सरकणाऱ्या लॉकिंग पट्ट्या बसवल्या. त्याचीच छोटी आवृत्ती म्हणजे १८९२ चं मॉडेल. मार्लिनच्या १८९४ मॉडेलमध्ये एकच लॉकिंग तुकडा खालून वर येऊन बोल्टच्या खाचेत बसतो. समजा भार घेणारं क्षेत्र १०० चौरस मिमी आहे. .४४ ला ताण २६२ मेगापास्कल, .४५४ ला ५२३. साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे ते पहिल्यालाच बाद. चांगलं अलॉय स्टील, नीट हीट ट्रीटमेंट हवीच. ब्राझीलच्या रॉसी कंपनीने .४५४ ची लिव्हर रायफल काढली ती १८९२ च्या दोन पट्ट्यांच्या रचनेवर. मला ही निवड अगदी पटते.

ताकद झाली, पण माझ्या मते खरी डोकेदुखी काडतूस पुढे सरकवण्यात आहे. काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक असतात. (पुढच्याच्या प्रायमरला मागच्याचं टोक टेकतं, म्हणून टोकदार गोळ्या चालत नाहीत.) कॅरिअर नावाचा तुकडा एकच काडतूस वर उचलतो आणि त्याच वेळी पुढचं अडवून धरतो. .४१ ची लांबी .४४ च्या जवळपास, पण बुडाची कड .४४ ला १३ मिमी आणि .४१ ला साडेबारा. अर्धा मिलिमीटर! तेवढ्यासाठी बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टर, नळी आणि कॅरिअरचं टायमिंग सगळं नव्याने जुळवावं लागतं. जुन्या मार्लिनमध्ये लिव्हर घासून कॅरिअरला खाच पडायची, मग दुसरं काडतूस खाली निसटायचं आणि रायफल अडकायची. याला लोकांनी 'मार्लिन जॅम' असं नावच दिलं. थोडीशी झीज आणि सगळं ठप्प.

मार्लिनने १९८० च्या दशकात .४१ काढली होती, हेन्री कंपनीच्या बिग बॉय मालिकेतही ती मिळाली. मग थांबायचं कशाला? कारण मध्ये बरंच घडलं. २००७ च्या शेवटी रेमिंग्टनने मार्लिन विकत घ्यायचं ठरवलं, २०११ मध्ये कनेक्टिकटमधला जुना कारखाना बंद झाला आणि काम दुसरीकडे हललं. त्यानंतरच्या रायफलींबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या. ज्यांच्या हाताला फिटिंग माहीत होतं ती माणसं मशीनबरोबर ट्रकमध्ये भरून नेता येत नाहीत. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली, रुगरने तीन कोटी डॉलरच्या आसपास देऊन मार्लिन घेतली आणि नॉर्थ कॅरोलायनात नव्याने उत्पादन उभं केलं. २०२१ च्या अखेरीस पहिली रायफल आली ती खपणाऱ्या .४५-७० मध्ये. १८९४ मॉडेल २०२३ मध्ये परत आलं, तेही आधी .४४ मध्ये. नवी बॅरल, नवे गेज, नव्या चाचण्या यांचा खर्च कमी खपणाऱ्या कॅलिबरवर कोण आधी करेल? धंदा म्हणून हा क्रम मला चूक वाटत नाही, .४१ वाल्यांना कितीही राग येवो.

नव्या रायफलीची घोषणा झाली की लोक लाकूड आणि पॉलिश बघतात. मी आधी बॅरलमधल्या चरांचा पीळ बघेन. जुन्या मार्लिनच्या .४४ ला ३८ इंचात एक फेरा होता. २४० ग्रेनच्या गोळीला तो पुरायचा, पण ३०० ग्रेनची लांब गोळी पुरेशी फिरायची नाही आणि डगमगायची. रुगरने तो २० इंचात एक फेरा असा केला. मार्लिनच्या .४१ ला हा २० चा पीळ आधीपासूनच होता.