प्रवासाची शिदोरी

2022 साली ऑक्टोबरच्या 13 तारखेस, उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकास असलेल्या अलास्काच्या किनाऱ्यावरून गॉडविट जातीचा एक पक्षी दक्षिणेकडे उडाला. त्याचे वय अवघे पाच महिने होते. त्याच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी बसविलेले चिमुकले यंत्र उपग्रहाला त्याचा ठावठिकाणा कळवीत होते. अकरा दिवसांनी तो ऑस्ट्रेलियाजवळील टास्मानिया बेटावर उतरला, तेव्हा त्याने 13,560 किलोमीटर अंतर कापले होते. वाटेत तो कोठेही थांबला नव्हता. थांबणार तरी कोठे? खाली अथांग महासागर. आणि या पक्ष्याच्या पायांना बदकासारखे पडदे नसल्यामुळे पाण्यावर बसून विसावा घेणे त्याला साधत नाही.

मग अकरा दिवस अहोरात्र पंख हलविण्याचे बळ त्याने आणले कोठून?

निघण्यापूर्वी हे पक्षी किनाऱ्यावरील चिखलातले किडे व शिंपल्यांतले जीव अधाशीपणाने खातात. तत्काळ खर्ची न पडलेल्या अन्नाची चरबी बनते आणि ती कातडीखाली व पोटात विशिष्ट पेशींमध्ये साठते. निघतेवेळी त्यांच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग चरबीचाच असतो. 1 ग्रॅम शर्करेपासून सुमारे 4 किलोकॅलरी शक्ती मिळते, तर 1 ग्रॅम चरबीपासून सुमारे 9. शिवाय शरीरात शर्करा साठवावयाची, तर तिच्यासवे पाण्याचाही भार वाहावा लागतो. उडणाऱ्याला तो कसा परवडावा? उपाशी प्रवासात निरुपयोगी ठरणारी आतडीदेखील निघण्यापूर्वी आक्रसून लहान होतात!

उड्डाण सुरू झाले, की रक्तातील संप्रेरके चरबीच्या पेशींना जणू कोठार उघडण्याची आज्ञा देतात. चरबीचे विघटन होऊन मेदाम्ले सुटतात, रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोहोचतात आणि तेथे श्वासातून आलेल्या प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो. हेच चरबीचे ज्वलन होय. यात ज्वाला नसते. परंतु चुलीतील लाकडाप्रमाणेच येथेही कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. वायू उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. पाणी मात्र, वाटेत एक थेंबही न पिणाऱ्या त्या पक्ष्याच्या उपयोगी पडते.

मनुष्याच्या देहातही हाच व्यवहार चालतो. रात्रभर झोपून सकाळी उठणाऱ्याची थोडी चरबी श्वासावाटे हवेत गेलेली असते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो!

दूरचा पल्ला गाठून उतरलेले गॉडविट कृश झालेले असतात. त्यांची आतडी हळूहळू पूर्ववत वाढतात, आणि चिखलात लांब चोच खुपसून त्यांचे खाणे पुन्हा सुरू होते.