वादकाने सातारा-सांगली कशी करावी

तबला, ढोलकी, ढोल-ताशा यांपैकी काहीही वाजवणाऱ्याला सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे फिरायचे असतील, तर नकाशाच्या आधी पंचांग उघडावं लागतं. इथली वाद्यं काचेच्या कपाटात ठेवलेली नाहीत. पालखी निघते, रथ हलतो, आखाड्यात जोड लागते, तेव्हा ती वाजतात आणि दुसऱ्या दिवशी खुंटीला जातात. भलत्याच आठवड्यात गेलात तर देऊळ दिसेल, कृष्णेचा घाट दिसेल, ढोल काही कानावर पडणार नाही.

साहित्य : चालू वर्षाचं पंचांग, एक वही, कानात घालायचे फोमचे बोळे, दोन मोठे सुती रुमाल, भरपूर सुटे पैसे. पुडी फाटलेला किंवा शाई उडालेला तबला घरी पडून असेल तर तोही. आपला ढोल मात्र नेऊ नका. कारण पुढे येईलच.

पायरी १. तिथी धरा

भाद्रपदात ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथोत्सव. आश्विन वद्य पंचमीला औंधचा संगीत महोत्सव. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ. पौषात कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबाची यात्रा. फाल्गुन वद्य पंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या कावडी आणि आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचा उरूस हिजरी महिन्यांवर चालतो, त्यामुळे तो दर वर्षी अलीकडे सरकतो. त्याची तारीख मिरजेत विचारूनच घ्या.

यातलं सगळं एका फेरीत बसवायचा मोह होतो. तो टाळा. एका फेरीला एकच मोठी तिथी, तिच्या मागेपुढे मिरज आणि एखादं कुस्त्यांचं मैदान, एवढंच बसतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं चैत्र धरावा असं माझं मत आहे. ऊन भाजून काढतं हे खरं. पण गावोगावच्या जत्रा तेव्हाच असतात आणि कोरड्या हवेत कातडं खणखणीत बोलतं.

पायरी २. तबला आधी मिरजेत टाका

पुण्याहून रेल्वेनं थेट मिरज जंक्शन गाठा. दर्ग्याच्या परिसरात, सतारमेकर गल्लीत, तंतुवाद्यं बनवणारी घराणी दीडशे वर्षांहून अधिक काळ काम करत आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तालवादकाला तिथे काय काम, असं वाटेल. पण तबल्याचा दायाँ ज्या षड्जाला लावायचा तो षड्ज तानपुऱ्याचा असतो, आणि तानपुरा जुळवताना कारागीर जवारीचा दोरा केसभर सरकवून नाद कसा उघडतो हे जवळून पाहिलं की तबला लावायची सवयच बदलते. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. ते वाळत टाकलेले दिसले तर वजन बघायला एखादा उचलू का म्हणून विचारा. इतकं मोठं फळ इतकं हलकं कसं, याचं नवल वाटेल.

चर्मवाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे आपला तबला द्या. देताना कोणता स्वर हवा ते स्पष्ट सांगा. नुसतं ‘चांगला करून द्या’ म्हणणाऱ्याला दुकानात पडून असलेली पुडी मिळते. दायाँचं तोंड किती इंच आहे ते मोजून ठेवा. लहान तोंडाला वरचा सूर पेलतो, मोठ्याला खालचा, याच्याशी कारागिराला भांडायला लावू नका. पावसाळ्यात शाई सुकायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका.

किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथे गायकाकडे थोडं दुर्लक्ष करून तबलजीचा डावा हात बघा. विलंबित ठेक्यात दोन मात्रांच्या मधली जागा तो डग्ग्याच्या घिस्स्यानं कशी भरतो आणि कुठे मुद्दाम रिकामी सोडतो, हे शिकवणीत सांगून कळत नाही. उरूस चुकला तर नवरात्रात अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव आहे.

पायरी ३. हलगीला मैदानात गाठा

या फेरीतलं सर्वांत मोलाचं शिक्षण इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

हलगी म्हणजे धातूच्या कड्यावर ताणलेलं कातडं. खांद्याला अडकवायची, एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. जोडीला घुमकं आणि कैताळ. सांगली-साताऱ्याकडच्या कुस्तीच्या मैदानात, मग ते पलूस तालुक्यातलं नावाजलेलं कुंडल असो की एखाद्या जत्रेतलं छोटंसं, ही हलगी दिवसभर वाजते. मैदान सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा. हलगीवाले पाचट किंवा कागद पेटवून हलग्या शेकत असतात. या शेकण्याकडे नीट लक्ष द्या. हलगी आगीवर धरून ठेवत नाहीत, फिरवत राहतात. मधूनच बोटानं टिचकी मारून पाहतात. आवाज चढत जातो, एका क्षणी कडक होतो, तिथे थांबायचं. त्यापुढे गेलं की कातडं फुटतं. थोड्या वेळानं ती पुन्हा उतरते, पुन्हा शेक. म्हणून जाणता वादक तीन हलग्या आळीपाळीनं वापरतो, एक खांद्यावर आणि दोन शेकोटीजवळ.

कुस्ती लागली की प्रेक्षक पैलवानांकडे पाहतात. तुम्ही हलगीवाल्याच्या डोळ्यांकडे पाहा. तो हलगीकडे बघतच नाही, त्याची नजर आखाड्यात. सलामीला सैल चाल, खडाखडीला ठेका बांधून, डाव लागायची चिन्हं दिसली की दुगुन, आणि पाठ लागली की एकच कडकडाट. लय कोणीही मोजून देत नाही; समोरच्याच्या अंगातून ती उचलायची. रंगमंचावर नर्तकीच्या पायाला साथ करणाऱ्या ढोलकीवाल्याला हे लगेच उमजेल, मेट्रोनोमवर रियाज करणाऱ्याला जड जाईल.

बोलायचं ते फड संपल्यावर. ‘मामा’, ‘दादा’ म्हणून हाक मारा. जाणत्याला ‘वस्ताद’ म्हटलेलं चालतं. हलगी मातंग समाजाच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, सनई-डफ होलार समाजानं. एके काळी हे वाजवणं गावकीचं काम होतं, मोबदला धान्यात, मान शेवटच्या पंगतीचा. आता सुपारी ठरते आणि पैसे रोख मिळतात, ते चांगलंच झालं. तेव्हा शिकायला बसलात तर तासाचे पैसे आधी ठरवा आणि हातात द्या. ‘कला आहे, पैशाचं काय’ हे वाक्य पुण्या-मुंबईतून आलेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही.

पायरी ४. पूर्वेला जा, ढोल ऐका

महाबळेश्वराकडे ढगफुटीसारखा पाऊस आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हे कायम तहानलेले तालुके. याच कोरड्या माळावर धनगरांचं गजनृत्य आहे. बोलीत गजीढोल. मोठे लाकडी ढोल, झांजा, सनई, हातात रंगीत रुमाल, गोलात संथ पडणारी पावलं आणि वर उधळलेला भंडारा. आरेवाडी कवठे महांकाळ तालुक्यात आहे. मिरजेहून पंढरपूरच्या रेल्वेनं ढालगावला उतरलं की जवळ पडतं. म्हसवडला साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी अशी एसटी.

इथे क्रम पाळा. आधी गोलाबाहेर उभं राहून फक्त पावलं मोजा. मग वाजवणाऱ्यांच्या मागे राहून ती पावलं स्वतः टाका. जमेल तशी, कोणी हसत नाही. पाऊल आणि थाप कुठे एकत्र पडतात आणि कुठे थाप किंचित मागे राहते ते पायांना कळल्याशिवाय हातात टिपरू मागू नका. आपला ढोल आणू नका म्हटलं ते याचसाठी. देवापुढचा ढोल वाजवायचा मान ठरलेल्या घरांचा असतो, आणि पाहुण्यानं स्वतःचं वाद्य काढलं की तो पाहुणा राहत नाही. भंडारा डोळ्यांत आणि मोबाइलच्या फटीत जातो, रुमाल त्यासाठी.

पायरी ५. बाकीची ठिकाणं

पथकात वाजवणाऱ्यांनी तासगाव सोडू नये. पटवर्धन सरदारांच्या काळापासूनचा रथ भाविक दोरांनी ओढतात; तो अडतो, थांबतो, एकदम सुटतो, आणि पुढची झांजपथकं त्याच्या चालीनं लय आवळतात-सोडतात. औंधचा महोत्सव १९४० पासूनचा आहे. तो उभा करणाऱ्यांतले गजाननबुवा जोशी गायक आणि व्हायोलिनवादक तर होतेच, तबलाही शिकलेले होते. बैठक लांबते, पांघरूण न्या.

पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष, काळू-बाळूंचं कवलापूर, शाहीर साबळ्यांचं पसरणी ही तमाशा-शाहिरीतली नावं मोठी, पण तिथे जाऊन ढोलकी कानावर पडेलच असं नाही. ढोलकी ऐकायची तर जत्रेच्या दिवसांत तमाशाच्या कनातीत तिकीट काढून बसा, शक्यतो ढोलकीच्या बाजूला.

मांढरदेवला वाद्य नेऊ नका. २००५ च्या चेंगराचेंगरीनंतर काळूबाईच्या यात्रेत वाद्यं वाजवायला प्रशासन बंदी घालतं. आणि कुठल्याही मिरवणुकीत डॉल्बी लागली की बोळे कानात घालून मागच्या गल्लीत जा. तिथे शिकण्यासारखं काही नसतं, गमावण्यासारखे दोन कान असतात.

पायरी ६. रात्रीच वही भरा

ध्वनिमुद्रण करा, पण परवानगी घेऊन आणि थोडंच. त्याच रात्री बोल तोंडानं म्हणत लिहून काढा. हलगीला आणि गजीढोलाला तबल्याचे बोल चिकटवू नका. वाजवणारा स्वतः जे अक्षर म्हणतो तेच लिहा. पावलं, थांबे, लय कुठे वाढली तेही शेजारी टिपा. दुसऱ्या दिवशी हे आठवत नाही.

पायरी ७. परतताना मिरज

तबला ताब्यात घेण्याआधी दुकानातच तपासा. दायाँच्या गजऱ्यावर सोळा घरं; प्रत्येक घरासमोर किनारीवर बोट मारून स्वर एकच येतो का पाहा. एखादं घर खाली असेल तर कारागिरासमोरच हातोडीनं गजरा किंचित खाली ठोकून घ्या, वर असेल तर खालून वर. शाईवर नख फिरवून भेगा सारख्या आहेत ना, कडेला पापुद्रा सुटलेला नाही ना, ते बघा. वादी नवी असेल तर ती सैल पडणारच, म्हणून गट्टे अगदी खालपर्यंत ठोकलेले नसावेत. पुढे ताणायला जागा राहिली पाहिजे.

गाडीत तो चुंबळीसकट गुंडाळून बर्थखाली ठेवा, खिडकीच्या उन्हात नको. वातानुकूलित डब्यात सूर चढलेला वाटेल. घरी पोचल्यावर लगेच हातोडी उचलू नका. रात्रभर घरच्या हवेत ठेवून सकाळी लावा.