अडलेलें बांधकाम : लिनक्सवर सॉफ्टवेअर मुळापासून बांधतांना

आपल्या वार्षिकाचे जुने अंक ज्या कपाटांत ठेवले आहेत तें यंदा सुटी लागण्यापूर्वी उघडलें, तेव्हां कित्येक पानांच्या कडा हातांत तुटून येऊं लागल्या. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यापुढें जुन्या कागदाचें कांहीं चालत नाहीं. या पानांचीं छायाचित्रें घ्यावीं हें तर ठरलेंच. परंतु छायाचित्रांत शब्द शोधतां येत नाहीं. कोणाच्या आजोबांचा निबंध कोणत्या वर्षीं छापला गेला हें पाहावयाचें, तर चित्रांतील अक्षरें संगणकानें वाचून दिलीं पाहिजेत. हें काम करणारें ‘टेसेरॅक्ट’ नांवाचें सॉफ्टवेअर मोफत मिळतें. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळांत १९८५ ते १९९४ या काळांत तें तयार झालें, २००५ सालीं त्याचा सोर्स कोड सर्वांस खुला झाला, आणि आतां तें मराठीही वाचतें. तें आमच्या संगणकांवर बसवितांना काय अडलें व तें कसें सुटलें, हाच आजच्या पाठाचा विषय होय. आज्ञांचीं नांवें येथें नागरींत दिलीं आहेत. यंत्रावर तीं रोमन अक्षरांत लिहावयाचीं असतात.

आमच्या संगणकांवर लिनक्सचा ‘डेबियन ११’ हा संच आहे. त्यांत टेसेरॅक्ट तयार मिळतें, पण तें ४.१.१ या आवृत्तीचें. आम्हांस हवी होती २०२१ च्या नोव्हेंबरअखेरीस निघालेली पांचवी आवृत्ति. म्हणून सोर्स कोड आणून ती स्वतःच बांधावी असें ठरलें. शिवलेला सदरा विकत न घेतां कापड आणून शिंप्याच्या यंत्रावर आपणच बसावें, तसा हा प्रकार. यांत पायऱ्या मुख्यतः तीन. ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा लागणारें सर्व सामान घरांत आहे कीं नाहीं तें पाहते; ‘मेक’ ही बांधकाम करते; आणि ‘मेक इन्स्टॉल’ ही तयार वस्तु जागच्या जागीं नेऊन ठेवते.

आतां सामान म्हणजे काय? कोणतेंही मोठें सॉफ्टवेअर एकट्यानें उभें राहत नाहीं. टेसेरॅक्ट अक्षरें ओळखतें खरें, पण चित्राची फाईल उघडण्याचें काम तें ‘लेप्टोनिका’ नामक लायब्ररीवर सोपवितें. लेप्टोनिका तरी पीएनजी प्रकारचें चित्र स्वतः कोठें उघडते? त्यासाठीं तिला ‘लिबपीएनजी’ लागते. आणि लिबपीएनजीला दाबून बसविलेली माहिती सोडवावयास ‘झेडलिब’ लागते. अशी ही सांखळी आहे, आणि तिच्यांतील एक कडी नसली कीं काम थांबतें.

आमचें काम पहिल्याच पायरीवर थांबलें. कॉन्फिगरनें सांगितलें कीं, लेप्टोनिका १.७४ किंवा तीहून नवी पाहिजे. एका विद्यार्थ्यानें तत्काळ हरकत घेतली, “गुरुजी, लेप्टोनिका तर या यंत्रावर आहे!” त्यानें शोधूनही दाखविलें, ‘लिबलेप्ट५’ हें पॅकेज खरोखरच तेथें होतें. मग यंत्र खोटें बोलत होतें काय?

येथें आपल्या गांवच्या चादरीकडे पाहूं. चादरीवरील नक्षी उठते ती परंपरेनें मागावर चढविलेल्या जॅकार्डमुळें, व त्यांतील भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेमुळें. अंगावर घेण्यास चादर पुरते. परंतु तिच्याशीं नक्षी जुळणारें दुसरें कापड विणावयाचें असेल, तर नुसती चादर उपयोगाची नाहीं, पुठ्ठे पाहिजेत. लायब्ररीचेंही तसेंच आहे. तयार प्रोग्रॅम चालविण्यास लागणारा भाग एका पॅकेजमध्यें असतो, आणि तिच्या आधारें नवें बांधण्यास लागणाऱ्या ‘हेडर’ फाईली दुसऱ्यांत. डेबियनमध्यें या दुसऱ्या पॅकेजच्या नांवाअखेर ‘डेव्ह’ असतें, तर फेडोरा या संचांत ‘डेव्हेल’. आम्हांपाशीं चादर होती, पुठ्ठे नव्हते. ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह’ आणणें अवश्य होतें.

हें समजावून सांगत असतां दुसऱ्या एका चतुर मुलानें कॉन्फिगरमधील ती तपासणीची ओळच काढून टाकली होती! कॉन्फिगर निमूटपणें पार पडलें व वर्गांत आनंद झाला. मेक सुरू होतांच कंपायलरनें कळविलें कीं, ‘ऑलहेडर्स.एच’ नांवाची फाईल सांपडत नाहीं. आणि त्यापुढें पडदाभर तक्रारी. आम्ही त्या मुलास रागावलों नाहीं, कारण त्यामुळें एक उपयुक्त गोष्ट शिकवितां आली. अशा वेळीं शेवटची तक्रार वाचूं नये, पहिली वाचावी. पुढील बहुतेक तक्रारी पहिलीच्या पोटीं जन्मलेल्या असतात. आणि फाईलचें नांव ठाऊक असून पॅकेजचें नसेल, तर ‘ऍप्ट-फाईल सर्च’ या आज्ञेस तें नांव द्यावें. ती फाईल कोणत्या पॅकेजमध्यें आहे तें कळतें. उत्तर आलें तें अर्थातच ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह’.

याहूनही सोपी एक युक्ति आहे. डेबियनमध्यें प्रत्येक सोर्स पॅकेजबरोबर त्याच्या बांधकामास काय काय लागतें याची यादी लिहिलेली असते. ‘ऍप्ट-गेट बिल्ड-डेप टेसेरॅक्ट’ म्हटलें कीं यादींतील सर्व सामान एकदम येतें. मात्र सोर्सचे पत्ते आधीं चालू केलेले असावे लागतात. ही यादी ४.१.१ ची असली तरी दोन आवृत्त्यांच्या गरजा बव्हंशीं सारख्याच असल्यामुळें आमचें काम झालें.

एका तुकडीस मात्र तयार लेप्टोनिका घेणें कमीपणाचें वाटलें. त्यांनीं आपल्या यंत्रावर तीही मुळापासून बांधली. जेवढें बांधणें भाग आहे तेवढेंच बांधावें असें आमचें मत. पण उत्साहास आडवें कां यावें? सर्व कांहीं बिनतक्रार पार पडलें. टेसेरॅक्ट चालविलें तों ‘लिबटेसेरॅक्ट सांपडत नाहीं’ अशी सूचना आली. नवी लायब्ररी जागेवर होती, परंतु यंत्राच्या सूचींत तिची नोंद नव्हती. ‘एलडीकॉन्फिग’ चालवितांच ती झाली. मग १९४१ च्या अंकाच्या पहिल्या पानाचें चित्र दिलें, आणि उत्तर आलें कीं पीएनजी वाचण्याची सोयच लायब्ररींत नाहीं.

हा प्रकार सर्वांत फसवा होय. लेप्टोनिकास लिबपीएनजी हवी असते, पण ती नसली तर ती अडून बसत नाहीं. ती सोय गाळून उरलेलें बांधून देते. कॉन्फिगरच्या शेंकडों ओळींत ‘लिबपीएनजी : नाहीं’ अशी एक ओळ होती, ती मुलांनीं वाचली नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही वाचली नाहीं. जें अडतें तें स्वतःच बोलावून सांगतें. हें बोललेंच नाहीं. लिबपीएनजीचें डेव्ह पॅकेज, व त्याबरोबर जेपीईजी आणि टिफचींही आणून, लेप्टोनिका स्वच्छ करून पुन्हां बांधली. टेसेरॅक्ट पुन्हां बांधावें लागलें नाहीं, कारण तें लायब्ररी चालतेवेळीं घेतें.

यापुढें मराठीचें शिक्षण असलेली स्वतंत्र फाईल राहिली होती, ती ‘टेसडेटा’ या फोल्डरमध्यें ठेवली, आणि पान वाचलें गेलें. एका जोडाक्षराच्या जागीं भलतेंच आलें आहे, जुन्या लेखनांतील कांहीं अनुस्वार यंत्रानें गाळले आहेत, तरी निबंधाचें नांव व लेखकाची इयत्ता स्पष्ट आहे. आठवी व नववीचीं मुलें आतां मूळ पानाशीं ताडून पाहण्यास बसलीं आहेत. संग्रहांत अंक पूर्ण नाहींत. ज्या पालकांच्या घरीं जुने अंक असतील त्यांनीं ते चित्र घेण्यापुरते द्यावे, त्याच दिवशीं परत करूं.